चार बोटं कमी

शर्ट शिवायला टाकायला गेलो आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. शिंपी आमचा जुना, बाबांचेही शर्ट तोच शिवतो. त्याने माझ्या पाठीला टेप लावला, काढला, पुन्हा लावला, आणि वहीत लिहिलेला आकडा खोडून म्हणाला, "मागून दीड इंच वाढवावं लागेल. पुढून एक इंच कमी."

"ते कशासाठी?"

"वाक आलाय पाठीला," तो म्हणाला. मग वहीची मागची पानं चाळली आणि समाधानाने मान हलवली. "वडिलांचं माप आहे की माझ्याकडे. तेच चालेल तुम्हाला आता. वेगळं घ्यायची गरज नाही."

वडिलांचं माप मुलाला आलं यात वाईट वाटण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. लोक तर ते कौतुकाने सांगतात. पण ज्यांनी आमच्या बाबांना पाहिलंय ते असं म्हणणार नाहीत. बाबा निवृत्त झाले तेव्हाच त्यांची मान छातीकडे झुकलेली होती. नंतरच्या बारा वर्षांत तिने उरलंसुरलं अंतरही संपवलं. उभे राहिले की त्यांना जमीन दिसते, बसले की स्वतःचे हात, आणि समोर कुणी बसलं तर फार तर त्याचं पोट. माणसं ते चपलांवरून ओळखतात. आमच्या इमारतीत त्यांची ख्याती अत्यंत नम्र माणूस अशी आहे. "एवढी वर्षं नोकरी केली, पण कधी मान वर करून बोलले नाहीत," असं शेजारी म्हणतात. वर करायची सोय असती तर बोलले असते, हे मी कितीदा सांगणार?

माझा चेहरा त्यांनी शेवटचा नीट केव्हा पाहिला हे मला आठवत नाही. एकदा मी त्यांच्या पुढ्यात उकिडवा बसून बोलायला लागलो, तर म्हणाले, "असा बसू नकोस. मी काही आजारी नाही." तेव्हापासून मी उभा राहून बोलतो आणि ते माझ्या पायांना उत्तरं देतात.

यातला खरा विनोद असा की लहानपणी हेच बाबा ऑफिसातून आले की माझ्या अभ्यासाच्या जागी यायचे, पाठीच्या कण्यावर बोटाचं पेर टेकवायचे आणि म्हणायचे, "ताठ बस." बाकी माझ्या अभ्यासात त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. इतिहासात मी दोनदा नापास झालो, पण ताठ बसून झालो.

शिंप्याकडून निघालो तो थेट डॉक्टरांकडे गेलो, कारण उजव्या हाताची शेवटची दोन बोटंही काही आठवड्यांपासून मुंग्या आल्यासारखी व्हायची आणि मी ते बायकोला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी मान दाबली, बोटं ओढली आणि विचारलं, "दिवसभर काय करता?"

"जुन्या नोंदवह्यांवरून नव्या नोंदवह्या लिहितो."

"टेबल किती उंच आहे?"

मी हाताने दाखवलं. ते माझ्या हाताकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "हे बघा," ते म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. पण सहा-आठ महिने असेच बसलात तर ही मान तशीच धरेल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. गोळ्या देतो, पण औषध म्हणाल तर ते टेबल आहे. ते उंच करा. याला एर्गोनॉमिक्स म्हणतात."

औषधाचं नाव एवढं भारदस्त असल्यावर ते मिळणार नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आता टेबलाबद्दल सांगायला हवं. मी ज्या ऑफिसात आहे त्याच ऑफिसात बाबा होते, त्याच नोंदणी विभागात. मी परीक्षा देऊन लागलो, वशिल्याने नाही. वशिला असता तर खिडकीजवळ बसलो असतो. पहिल्या दिवशी स्टोअरकीपरने मला टेबल नंबर सत्तेचाळीसपाशी नेलं आणि म्हणाला, "ही तुमच्या वडिलांची जागा." त्याला वाटलं आपण माझ्यावर उपकार करतोय. बाबांच्या काळात एकदा नोंदणी विभागात पाणी भरलं होतं आणि टेबलांचे पाय खालून कुजले होते. ऑफिसने सुतार बोलावून सगळ्या टेबलांचे पाय चार-चार बोटं कापून टाकले. कागदोपत्री टेबलं दुरुस्त झाली. माणसं त्यांच्यापर्यंत वाकली. शिवाय सत्तेचाळीस नंबरचा एक पाय जरा जास्तच कापला गेला, त्यामुळे ते डुगडुगतं आणि त्या पायाखाली घडी केलेला कागद ठेवावा लागतो. एवढी मिळकत मला वारशाने आली.

बायकोला मानेचं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला दिसत होतं. तुम्ही हल्ली माझ्याशी बोलताना माझ्या कोपराकडे बघता." मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबांचं सगळं तीच करते. एका घरात अशी दोन माणसं म्हणजे काय, याचा हिशोब तिने तेवढ्यात केला असणार, आणि मी तो मोडायला गेलो नाही.

पण आमच्या इमारतीच्या भिंती पातळ. संध्याकाळपर्यंत माझी मान सार्वजनिक झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले की दाराच्या चौकटीला रोज दहा मिनिटं लोंबकळावं. मी लोंबकळलो. चौकटीचं वरचं लाकूड हातात आलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं, डोक्यावर जाड पुस्तक ठेवून घरात चालावं. त्यांना स्वतःला मानेचं दुखणं कधी झालं नव्हतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला शेळ्या कुठे लागतात? मी शब्दकोश डोक्यावर ठेवून दिवाणखान्यात फेऱ्या घालू लागलो. बाबांना माझी फक्त पावलं दिसत होती. ते काळजीने बायकोला म्हणाले, "हा एवढा जपून का चालतोय? पायाला लागलंय का?"

शेवटी मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले टेबल, तर टेबलच. दुसऱ्या दिवशी पिशवीत चार विटा घालून ऑफिसला गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवी उघडली आणि विचारलं, "ह्या कशाला?" मी म्हटलं, "मानेला." त्याने माझ्याकडे जरा लांबूनच पाहिलं आणि आत सोडलं.

विटांवर टेबल चढवलं आणि मी बसलो. कितीतरी वर्षांनी मला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मान न उचलता दिसलं. तो अर्धा दिवस फार सुखाचा गेला. जेवणाच्या सुट्टीनंतर स्टोअरकीपर त्याची लांबलचक जडवस्तू नोंदवही काखेत मारून आला. ऑफिसातल्या प्रत्येक खुर्चीची आणि टेबलाची कुंडली त्या वहीत असते.

"विटा कुणाच्या?"

"माझ्या."

"मग त्या इथे राहू शकत नाहीत. आणि टेबल ऑफिसचं आहे, त्याची उंची तुम्ही बदलू शकत नाही. उद्या कुणी म्हणेल छप्पर खाली घ्या."

"पण ते मुळात चार बोटं कापलेलं आहे."

त्याने वही उघडली, बोट फिरवलं. "दुरुस्त केलेलं आहे," तो म्हणाला. "हे बघा. दुरुस्त वस्तूची पुन्हा दुरुस्ती करायची तर आधी ती नादुरुस्त असल्याचा दाखला पाहिजे. टेबलाला काय झालंय?"

"टेबलाला काही नाही. मला झालंय."

"तुम्ही माझ्या वहीत नाही," तो म्हणाला. स्वभावाने तो वाईट नव्हता. जाताना दोन विटा त्यानेच उचलल्या.

मी रीतसर अर्ज केला. अर्ज आवक बाईंनी घेतला. त्या आमच्याच खोलीत बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारतात. त्यांच्या मनगटाला कायम पट्टी असते. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "आपल्याला सगळ्यांनाच त्रास आहे. पण तुम्ही लिहिलंत, हे मोठं केलंत." मला भरून आलं. त्यांनी मनगट सावरत माझ्या त्रासावर शिक्का मारला.

अर्ज दोन महिने कुठे होता कुणास ठाऊक. मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. वरून परिपत्रक आलं होतं: कर्मचाऱ्यांना बसण्याच्या पद्धतीमुळे होणारे आजार टाळण्यासाठी प्रत्येक कार्यालयाने समिती नेमावी. साहेबांना माझा अर्ज आठवला होता.

"तुम्हाला या विषयात रस आहे," ते म्हणाले.

"रस नाही साहेब, दुखणं आहे."

"तेच ते. तुम्ही सचिव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता रोजचं काम होतंच, वर समितीची इतिवृत्तं, स्मरणपत्रं आणि तक्ते, आणि हे सगळं त्याच टेबलावर. मानेचं आरोग्य कसं राखावं यावर बावीस पानांचं टिपण मी मान मोडून लिहिलं. ते संपलं तेव्हा माझी दोन बोटं पूर्ण बधिर झाली होती आणि सही वेगळी येते म्हणून बँकेने मला परत पाठवलं. समितीच्या बैठका साहेबांच्या खोलीतल्या सोफ्यावर व्हायच्या. तो सोफा इतका खोल होता की बैठक संपल्यावर सदस्य एकमेकांना हात देऊन उठवायचे. ही बाब इतिवृत्तात घ्यावी असं मी सुचवलं, पण कुणी अनुमोदन दिलं नाही.

इतकं होऊनही ठरलं मात्र चांगलं. प्रत्येकाच्या मापाचं नवं टेबल येणार, आणि त्यासाठी मापं घेणारा माणूस येणार. मापाचा तक्ता मी स्वतः तयार केला. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं, "कर्मचारी काम करताना प्रत्यक्ष ज्या स्थितीत बसतो, त्या स्थितीत मापे घ्यावीत." मला वाटलं होतं, किती शास्त्रशुद्ध वाक्य आहे. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

मापवाला आला तो चष्मा लावलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता. साहेब त्याच्याबरोबर खोलीत आले आणि म्हणाले, "सगळे रोजच्यासारखे कामात बसा."

साहेब उभे असताना रोजच्यासारखं कोण बसतं? एरवी वाकायचे त्याहून दोन बोटं जास्तच वाकून लोकांनी कागदात तोंडं घातली. आवक बाईंचं कपाळ शिक्क्याला टेकायचं बाकी होतं. मापवाला एकेकापाशी जाई, कोपरापासून जमिनीपर्यंत पट्टी धरी, डोळ्यांपासून कागदापर्यंत धरी आणि आकडा लिही. तिसऱ्या माणसाशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस आमच्या वाकण्याचं माप घेत होता, आणि त्या मापाची टेबलं होणार होती.

मी उठून त्याच्या कानाशी गेलो. "अहो, हे चुकतंय. ही माणसं अशी नाहीत. ही अशी झाली आहेत."

त्याने तक्त्यावर बोट ठेवलं. "प्रत्यक्ष स्थिती, असं लिहिलंय. तक्ता कुणी केलाय?"

साहेब माझ्याकडे बघत होते. इथे मी बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण बावीस पानं लिहिलेल्या सचिवाने सगळ्यांसमोर आपल्याच पहिल्या वाक्याला चूक म्हणायचं, हे मला जमलं नाही. मी जागेवर येऊन बसलो. आणि माझी पाळी आली तेव्हा फोटोला बसतात तसा श्वास रोखून ताठ बसलो. पाठीत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं.

"नेहमी असेच बसता?" मापवाल्याने विचारलं.

"नेहमी," मी म्हणालो.

टेबलं आली. काय सांगू, सगळे खूश झाले. बसल्या बसल्या हात जिथे पडायचे तिथे टेबल होतं. "अगदी अंगाचं माप घेऊन केल्यासारखं," आवक बाई म्हणाल्या. तसंच केलं होतं. जुन्या टेबलांपेक्षा ती दोन बोटं खाली होती, पण आता वाकताना कुणाला काही वाटत नव्हतं.

त्या सगळ्यांत माझं एकट्याचं टेबल उंच. ताठ माणसाच्या मापाचं, आणि मी ताठ माणूस नव्हतो. दहा मिनिटं बसलो की खांद्यांत आग व्हायची. जरा सैल झालो की टेबलाची कड हनुवटीशी यायची. डॉक्टर म्हणाले, "छान, हेच हवं होतं. त्रास होणारच, सवय मोडायची आहे. चिकाटी धरा." पण चिकाटी धरायला मला एकट्याला सोडलं कुणी? साऱ्या खोलीत माझंच डोकं वर दिसायचं. साहेब दारातून डोकावले की त्यांना तेवढंच दिसायचं आणि ते विचारायचे, "तुम्हाला काम नाही का?" शेजारचे लोक म्हणायला लागले की मी त्यांच्या कागदांत बघतो. आवक बाईंनीसुद्धा एक फाईल उभी करून आडोसा केला. मोडेन पण वाकणार नाही, असं म्हणणारी माणसं कुठल्या टेबलावर बसत असतील, याचा मी त्या दिवसांत बराच विचार केला.

मग वरून समाधान अहवाल मागवला गेला. तो सचिवानेच लिहायचा होता. खोलीतले एकवीस जण समाधानी, एक असमाधानी. साहेबांनी आकडा वाचून मला बसायला सांगितलं. मी सोफा टाळून उभाच राहिलो.

"एकासाठी शंभर टक्के होत नाहीत," ते म्हणाले. "शिवाय तुम्ही स्वतःही त्रासात आहात, मला दिसतंय. सोमवारी सुतार येतोय. तुमच्या टेबलाचे पाय तेवढे कापून घेऊ. सक्ती नाही. संमतीपत्र द्या."

संमतीपत्राचा मसुदाही मीच केला. 'माझ्या टेबलाचे पाय चार बोटे कमी करण्यास माझी हरकत नाही.' सही मात्र घरून करून आणतो म्हणालो. खोटं कशाला सांगू, सही करायची हे माझं ठरलं होतं. मला फार थकवा आला होता. सुतार येणार म्हटल्यावर खांदे आपोआप सैल पडले आणि त्याची मला लाज वाटण्याऐवजी बरंच वाटलं.

दरम्यान जुनी टेबलं मोडीत निघाली होती. ज्याला हवं त्याने न्यावं, अशी सूचना लागली. बाबांना कळलं तेव्हा ते माझ्या चपलांना म्हणाले, "सत्तेचाळीस आणशील का?"

शनिवारी हातगाडीवर घालून टेबल आणलं. बायकोने ते पुसलं आणि खिडकीपाशी लावलं. रविवारी दुपारी बाबा त्याच्यापाशी खुर्ची ओढून बसले. त्यांचे हात टेबलावर असे पडले की कुणी तिथे ठेवले असावेत. मान, पाठ, कोपर, सगळं जिथल्या तिथे बसलं. घरातल्या एकाही खुर्चीत, पलंगावर, कुठेच ते असे नीट मावलेले मी पाहिले नव्हते.

"माझ्या मापाचं होतं हे," ते म्हणाले.

मला रडू आल्यासारखं झालं. टेबल त्यांच्या मापाचं कधीच नव्हतं. पण ते त्यांना सांगून आता काय मिळणार होतं? मी पलीकडच्या बाजूला स्टूल घेऊन बसलो आणि संमतीपत्र टेबलावर ठेवलं. मलाही तिथे किती आराम वाटला. मान आपणहून खाली गेली, कोपरं टेकली, पेन कागदाला लागलं.

"अरे," बाबा म्हणाले.

मी तसाच वाकून डोळे वर केले. बाबा माझ्याकडे बघत होते. पायांकडे नाही, पोटाकडे नाही, माझ्याकडे. मी इतका खाली आलो होतो की त्यांच्या नजरेत मावत होतो. ते बराच वेळ बघत राहिले.

"कपाळावरचे केस गेले की रे तुझे," ते म्हणाले. "आणि डोळ्यांखाली हे काय?"

"काही नाही, बाबा."

त्यांनी हात लांब केला. पूर्वी पाठीला टेकवायचे ते बोटाचं पेर आता माझ्या हनुवटीला खालून लागलं.

"ताठ बस," ते म्हणाले.

मी ताठ बसलो. खांद्यांत ओळखीची आग सुरू झाली. बाबांची नजर होती तिथेच होती, पण आता तिथे माझ्या शर्टाचं दुसरं बटण होतं.

"टेबल डुगडुगतंय," ते बटणाला म्हणाले. "कागद आहे का एखादा?"

मी संमतीपत्राच्या चार घड्या केल्या आणि खाली वाकून ते आखूड पायाखाली सरकवलं. टेबल स्थिर झालं. पुन्हा वर येऊन बसलो, ताठ.

"आता बस तसाच," बाबा म्हणाले. "मला तुझा चेहरा दिसायला लागला की मी सांगेन."

त्या दुपारी त्यांनी मला अकरा वेळा सांगितलं.